'जुने' नावाचा कप्पा

लॅबमध्ये तिला सगळे टापटीपबाई म्हणायचे. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण तिच्या कानावर आलं होतं, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडलंही होतं. तिच्या रॅकमधल्या नमुन्यांच्या नळ्या शाळेच्या प्रार्थनेला उभ्या असल्यासारख्या ओळीत असायच्या. घरी नवरा म्हणायचा, "हिच्यासमोर फार वेळ हललं नाही तर ही अंगावर लेबल चिकटवेल."

लॅबचं काम मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. कुठे कुणी गेलं आणि घरच्यांनी किडनी द्यायचं ठरवलं, की ती प्रतीक्षा यादीतल्या कुणाला चालेल हे इथे ठरायचं. काही जणांच्या रक्तात आधीपासूनच परक्या अवयवाविरुद्ध अँटिबॉडी तयार झालेल्या असतात. त्या नेमक्या मिळालेल्या किडनीच्या विरोधातल्या निघाल्या, तर शरीर ती काही तासांत मारून टाकतं. म्हणून यादीतल्या प्रत्येकाचा हिशेब एक प्रोग्राम लावायचा आणि कागदावर क्रम द्यायचा. दोघांचं रक्त प्रत्यक्ष मिसळून बघायची चाचणीही होती, पण तिला पाच तास लागत. किडनी लांबून येत असली की तेवढा वेळ नसायचा. मग तो कागदच प्रमाण.

हा प्रोग्राम बावीस वर्षं अण्णांनी सांभाळला. अण्णा निवृत्त झाले तेव्हा त्यांचं खातं आहे तसंच तिच्या हाती आलं. प्रोग्रामला बटणं नव्हती. शेल नावाच्या काळ्या खिडकीत हुकूम टाइप करायचा, मग काम सुरू. ती खिडकी उघडताना संगणक आधी एक फाइल वाचायचा. कुठल्या लांबलचक हुकमाला कोणतं छोटं नाव, अक्षरांना रंग कोणता, आणि एखादा प्रोग्राम मागितला तर तो आधी कुठल्या कप्प्यात शोधायचा, हे सगळं त्या फाइलीत असायचं. ज्याचं खातं त्याची फाइल. आपल्या टेबलाचा खण जसा आपला, तशी.

अण्णांचा खण मात्र बघवत नव्हता. सहाशे चाळीस ओळी. 'बघ', 'पळ', 'थांब जरा' असली छोटी नावं. 'चहा' लिहिलं की पडद्याला कुलूप लागायचं. एकच ओळ तीन-तीनदा. बंद पडलेल्या प्रिंटरसाठीच्या सूचना. आणि शेजारी त्याच फाइलीच्या प्रती : जुनी, जुनी२, खरंच_जुनी. दोन वर्षं तिनं हे सहन केलं. एका सोमवारी दुपारी काम नव्हतं, तेव्हा पदर खोचून बसली.

छोट्या नावांची एक फाइल, कप्प्यांची एक, रंगांची एक, उरल्यासुरल्याची एक. कप्प्यांच्या फाइलीत 'जुने' नावाच्या कप्प्याकडे बोट दाखवणारी एक ओळ होती. नावच सांगत होतं. तिनं ती काढली. संध्याकाळपर्यंत सहाशे चाळीसच्या एकशे अठरा ओळी झाल्या. मंगळवारी दिवसभर तिनं सगळी छोटी नावं चालवून पाहिली. कुठेच काही अडलं नाही. घरी निघताना तिनं जुनी, जुनी२ आणि खरंच_जुनी या तिन्ही प्रती पुसल्या. घासूनपुसून पालथ्या घातलेल्या भांड्यांकडे बघून वाटतं तसं तिला वाटलं.

बुधवारी सकाळी सव्वानऊला समन्वयकाचा फोन आला. हा माणूस दवाखान्यांना, रुग्णांना आणि लॅबला एका दोरीत बांधून ठेवायचा आणि दिवसभर दोन फोनवर बोलायचा. किडनी मिळाली होती. दुसऱ्या शहरातून गाडीनं निघणार होती, दीडच्या सुमारास पोचणार होती.

तिनं माहिती भरली, हुकूम दिला आणि नेहमीसारखी चहा आणायला गेली. प्रोग्रामला अकरा मिनिटं लागायची. चहा घेऊन यायचं, अर्धा संपवायचा, तेवढ्यात यादी यायची. आज ती कप घेऊन दारात आली तर यादी तयार होती. तिनं ती छापली, विभागप्रमुखांनी सही केली आणि नऊ बावन्नला ती समन्वयकाकडे गेली.

"आज लवकर?" विभागप्रमुख म्हणाल्या. त्या साठीच्या होत्या, कमी बोलायच्या, आणि त्यांच्यासमोर लॅबमधले पुरुषसुद्धा शर्टाची बटणं चाचपायचे.

"हो मॅडम."

ती जागेवर येऊन बसली. चहा अजून वाफाळत होता. तिनं एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. फाइल साफ केली म्हणून काम झटपट झालं असेल, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. पण ते मनाला पटेना. छोटी नावं नीट लावली म्हणून कुणाचा हिशेब लवकर होत नसतो. तिनं खणातून गेल्या पंधरवड्यातली यादी काढली आणि आजच्या यादीशेजारी ठेवली. दोन्हींच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती, जी कुणीच वाचत नसे. गेल्या यादीत लिहिलं होतं : तपासलेल्या अँटिबॉडी सत्त्याण्णव. आजच्या यादीत : बासष्ट.

प्रोग्राम तोच, नाव तेच, पण चालला होता तो कुठला तरी जुना, ज्याला मधल्या काळात शोध लागलेल्या पस्तीस अँटिबॉडी ठाऊकच नव्हत्या. त्याला अडलं काही नव्हतं. त्यानं चूक दाखवली नव्हती. त्याला जेवढं येत होतं तेवढं करून तो मोकळा झाला होता.

तिच्या मनात आलेली पहिली गोष्ट ही होती की अजून कुणाला कळलेलं नाही. दोन मिनिटांत दुरुस्त झालं तर गुपचूप नवी यादी पाठवता येईल. तिनं घाईघाईनं अख्ख्या संगणकात त्या नावाचे प्रोग्राम शोधायला लावले. सात सापडले. सात कप्पे : नवे, नवे_२, तपासलेले, तपासलेले_वापरू_नये, चाचणी, मूळ, जुने. संगणक उन्हाळ्यात बदलला होता, सगळ्या फाइली एकाच दिवशी नव्यावर आल्या होत्या, त्यामुळे सातही प्रोग्रामवर तारीख एकच. सोमवारपर्यंत यातला कुठला चालत होता? 'नवे_२' असावा. की 'तपासलेले'? तिनं 'नवे_२' वर बोट ठेवलं आणि तसंच उचललं. अंदाजानं काढलेल्या यादीवर एका माणसाचं पोट फाडणार होते.

दहा वाजून सात मिनिटांनी ती विभागप्रमुखांच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

"मॅडम, यादी चुकली आहे."

त्यांनी चष्मा काढला. "कशानं?"

"माझ्यामुळे. मी सोमवारी अण्णांची शेलची फाइल साफ केली. त्यात एक ओळ गेली असणार. प्रोग्राम जुना चालला."

"फाइलला हात लाव म्हणून कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही."

"मला विचारलंस?"

"नाही. मला वाटलं ती माझीच फाइल आहे."

त्यांनी फोन उचलला आणि समन्वयकाला सांगितलं की यादी मागे घेतली आहे, कुणाला कळवू नका. पलीकडचं ऐकताना त्यांचा चेहरा कडक झाला. फोन ठेवून त्या म्हणाल्या, "पहिल्या नंबरच्या माणसाला त्यानं दहालाच कळवलंय. सुतार आहे. सहा वर्षं यादीत. बहिणीला घेऊन घरून निघालाय."

ती उभीच राहिली.

"आता ऐक. साडेअकरापर्यंत माझ्या हातात खरी यादी पाहिजे. नाही मिळाली तर किडनी दुसऱ्या केंद्राला द्यावी लागेल, तीही वाटेत वाया गेली नाही तर. अकरा मिनिटं प्रोग्रामची धर. म्हणजे तुझ्याकडे तासभर आहे. रडायचं असेल तर नंतर रड."

"रडत नाहीये मॅडम."

"बरं. जा."

तिनं अण्णांना फोन लावला. दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा उचलला गेला, मागे करवतीसारखा आवाज येत होता; अण्णा बागेत झाडं छाटत होते. तिनं एका दमात सगळं सांगितलं.

"फाइल साफ केलीस?" अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज दुखावल्यासारखा झाला. "सगळी?"

"अण्णा, ते नंतर बोला मला. यादीसाठी तुम्ही कुठला प्रोग्राम चालवायचात? सात आहेत."

"अगं, नवीन आवृत्ती मंजूर झाली तेव्हा कंत्राटदार ती बसवायला यायचा होता. आलाच नाही. मग मीच आणून ठेवली एका कप्प्यात, तात्पुरती. आणि फाइलीत एक ओळ टाकली की आधी तिथे बघ."

"कुठल्या कप्प्यात?"

करवतीचा आवाज थांबला.

"आठवत नाही गं," अण्णा म्हणाले. "नवे असेल. खोटं कशाला बोलू, खरंच आठवत नाही. तीन वर्षं झाली की. ओळीवर काही लिहून ठेवायला पाहिजे होतं मी. लिहिलं नाही. तोंडपाठ होतं तेव्हा."

दहा बत्तीस. प्रत्येक प्रोग्राम चालवून तळाची ओळ बघायची म्हटलं तर अकरा गुणिले सात. शिवाय सत्त्याण्णव दाखवणारे त्यात दोन-तीन निघाले तर? 'तपासलेले_वापरू_नये' हे नाव कुणी उगाच ठेवत नाही. तिनं डोळे मिटले आणि सोमवारची फाइल आठवायचा प्रयत्न केला. पाचशे बावीस ओळी पुसल्या होत्या. आठवत होता तो पुसतानाचा आनंद. ओळी नाही.

मग तिला नमुन्यांच्या खोलीतला संगणक आठवला. तळघरात, शीतकपाटांच्या शेजारी. तिथून ती नळ्यांचा साठा नोंदवायची. गेल्या आठवड्यात तिथे तिनं याच खात्याची काळी खिडकी उघडली होती आणि 'चहा' लिहून पडद्याला कुलूप घालून वर आली होती. खिडकी फाइल वाचते ती उघडताना, एकदाच. नंतर फाइल बदला, जाळा, काहीही करा, उघडी खिडकी पहिलंच धरून बसते. त्या खिडकीला सोमवार ठाऊकच नव्हता.

ती खुर्चीवरून उठली आणि त्याच क्षणी भिंतीवरच्या सूचनेकडे तिचं लक्ष गेलं. आठवडाभर ती सूचना तिथे होती. बुधवार, पावणेअकरा, तळघर, बॅटरी बदलण्यासाठी वीज दहा मिनिटं बंद. शीतकपाटांना वेगळी लाइन होती. संगणकाला नव्हती.

दहा एकेचाळीस. लिफ्ट चौथ्या मजल्यावर होती. ती जिन्यानं धावली. दोन मजले, मग तळघराचा लोखंडी जिना. पायातली चप्पल एका पायरीवर राहिली, तिनं मागे वळून पाहिलं नाही. खाली बोळाच्या टोकाला वायरमन पेटीचं दार उघडून उभा होता, तोंडात टॉर्च, हात खटक्यावर.

"थांबा," ती म्हणाली. ओरडायला दमच उरला नव्हता, त्यामुळे आवाज बोलण्याइतकाच निघाला.

त्यानं टॉर्च तोंडातून काढली. "पावणेअकरा झाले बाई."

"पाच मिनिटं द्या."

"माझा माणूस वर बॅटरी उघडून बसलाय. सही झालीय कागदावर. थांबायचं तर वरून सांगायला लावा."

"वरून सांगतील. पण ते सांगेपर्यंत तुम्ही बंद केलं तर एक माणूस मरेल. मी नाटक करत नाहीये."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या अनवाणी पायाकडे पाहिलं. "पाच म्हणजे पाच," तो म्हणाला आणि खटक्यावरचा हात काढून खिशात घातला.

नमुन्यांच्या खोलीत गारठा होता. पडद्यावर कुलूप होतं. तिनं पासवर्ड टाकला, चुकला. पुन्हा टाकला, चुकला. तिसऱ्यांदा चुकला तर खातं अर्धा तास बंद. तिनं दोन्ही तळवे मांडीवर घासले, बोटं एकेक करून ठेवली आणि प्रत्येक अक्षर ओठांनी म्हणत टाइप केलं. पडदा उघडला. काळी खिडकी तिथे होती, अण्णांच्या भडक हिरव्या अक्षरांसकट, जी तिनं सोमवारी सभ्य करड्या रंगाची केली होती.

तिनं एकच प्रश्न टाइप केला : हा प्रोग्राम मागितला तर तू कुठून आणशील? उत्तर एका ओळीत आलं.

जुने.

तिला ते खरंच वाटेना. तिनं पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. का कुणास ठाऊक, बहुतेक हाताशी आला तो कप्पा म्हणून, अण्णांनी नवा प्रोग्राम 'जुने' नावाच्या कप्प्यात ठेवला होता. सातांपैकी हा एकच कप्पा तिनं चुकूनही निवडला नसता. तिनं त्या खिडकीतली कप्प्यांची सगळी ओळ एका कागदावर उतरवून घेतली, अक्षर न् अक्षर, टिंबासकट. पडद्याचा फोटोही काढला. बाहेर येऊन वायरमनला म्हणाली, "करा आता."

"झालं का काम?"

"अर्धं," ती म्हणाली.

दहा सत्तावन्नला तिनं वर ती ओळ पुन्हा फाइलीत घातली, नवी खिडकी उघडली आणि हुकूम दिला. विभागप्रमुख येऊन तिच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या होत्या. त्या अकरा मिनिटांत तिनं खणातल्या जुन्या याद्या काढून एकेकीच्या तळाची ओळ तपासली. अकरा वाजून आठ मिनिटांनी यादी आली. तिनं आधी तळाची ओळ पाहिली. सत्त्याण्णव. मग वर पाहिलं. सुताराचा नंबर यादीत पहिला नव्हता, दुसरा नव्हता, कुठेच नव्हता. ही किडनी त्याला चालणारच नव्हती. पहिला नंबर एका बस चालवणाऱ्या बाईंचा होता.

विभागप्रमुखांनी दोन्ही कागद शेजारी धरून दोनदा वाचले आणि सही केली. "गेल्या दोन वर्षांतल्या याद्या?" त्यांनी विचारलं.

"त्या बरोबर आहेत. सगळ्यांवर तळाशी सत्त्याण्णवच आहे. आत्ता प्रोग्राम चालू असताना मी त्याच बघत होते."

"पुन्हा बघ. सगळ्या. आणि लिहून दे." मग त्या म्हणाल्या, "तो सुतार खाली पोचलाय. समन्वयक त्याला सांगायला निघालाय."

"मी जाऊ त्याच्याबरोबर?"

"नियम नाही तसा."

"माहीत आहे."

त्यांनी हात हलवला. त्याचा अर्थ हो असाही होता आणि तुझं तू बघ असाही.

सुतार प्रतीक्षागृहात भिंतीला लागून बसला होता. पंचेचाळिशीचा असेल, चेहरा डायलिसिसवाल्यांचा असतो तसा राखेच्या रंगाचा, बोटं मात्र अजून जाड आणि ताठ. मांडीवर कापडी पिशवी. शेजारी बहीण, तिच्या हातात कागदांचं पाकीट. समन्वयक समोर बसला, लॅबमधून त्याच्याबरोबर आलेली ती मागे उभी राहिली, आणि तो हळू आवाजात म्हणाला की आज होणार नाही, जुळत नाहीये.

"अहो, पण तुम्हीच फोन केलात," बहीण म्हणाली. "याचं नाव पहिलं आहे म्हणालात. पाणीसुद्धा पिऊ नका म्हणालात. फोन आल्यापासून हा तोंड कोरडं ठेवून बसलाय."

"तपासणीत नंतर..." समन्वयकानं सुरुवात केली.

"चूक झाली," ती मध्येच म्हणाली. "यादी मी काढली होती. पहिली यादी चुकीची होती. ती किडनी तुमच्या शरीरानं ठेवली नसती."

बहीण तिच्याकडे वळली. "चूक म्हणजे काय चूक? सहा वर्षं थांबलाय हा. आणि तुम्ही चूक झाली म्हणून सांगताय, दुधाचं पातेलं उतू गेल्यासारखं?"

"ताई, गप्प बस जरा," सुतार म्हणाला. मग लॅबवालीकडे वळून विचारलं, "बसवली असती तर काय झालं असतं?"

"काही तासांत बंद पडली असती. कदाचित तुम्हालाही..."

"हं." तो पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिला. "कशी झाली चूक?"

समन्वयकानं तिच्याकडे नजर टाकली; हे सांगायचं नसतं. तिनं सांगितलं. संगणकात एक फाइल होती, पसारा होता, आवरायला घेतली, त्यात एक कामाची ओळ फेकली गेली.

"काय आहे ते न विचारता?"

"हो."

"माझ्याकडे एक पोऱ्या होता," सुतार म्हणाला. "त्यानं एकदा सगळं दुकान झाडून लखलखीत केलं. माझ्या मापाच्या पट्ट्या सरपण म्हणून जाळल्या. मी त्याला हाकलून दिला." तो हसला नाही, रागावलेलाही दिसला नाही. फार दमलेला दिसला. "कळलं कसं तुम्हाला?"

"काम लवकर झालं म्हणून."

त्यानं पिशवी बाजूला ठेवली. मग बहिणीकडे बघून म्हणाला, "पाणी दे."

बहिणीनं बाटली उघडून दिली. डायलिसिसवाल्यांना ठरवून दिलेलं असतं त्या मापाचे दोन घोट त्यानं घेतले आणि बाटली परत केली. बहीण रडत होती, पण आवाज न करता. दोघा भावंडांसाठी गाडी बघायला ती स्वतः उठून गेली, कारण तिथे बसून राहण्यासारखं तिच्याकडे दुसरं काही नव्हतं.

त्या दिवशी संध्याकाळी बस चालवणाऱ्या बाईंना किडनी बसवली आणि दुसऱ्या दिवशी किडनीनं काम सुरू केलं. चौकशीसाठी दात्याच्या नमुन्याशी सुताराचं रक्त मिसळून पाहण्यात आलं. चाचणी विभागप्रमुखांनी स्वतः केली आणि तिला सूक्ष्मदर्शकातून बघायला बोलावलं. पेशी जवळजवळ सगळ्या मेलेल्या होत्या. "बघितलंस?" त्या म्हणाल्या. एवढंच.

चौकशी सहा आठवडे चालली. तिला तीन महिने यादीपासून दूर ठेवलं. चूक आपणहून सांगितली याची नोंद झाली आणि न विचारता हात घातला याचीही झाली, एकाखाली एक. तीन वर्षं न आलेला कंत्राटदार चार दिवसांत आला आणि प्रोग्राम जिथे हवा तिथे बसवून गेला. अण्णा एका दुपारी लॅबमध्ये आले, तिच्याशेजारी स्टूल घेऊन बसले आणि उरलेल्या एकशे एकोणीस ओळी दोघांनी मिळून वाचल्या. प्रत्येक ओळीच्या डोक्यावर ती कशासाठी आहे हे तिनं साध्या भाषेत लिहिलं. जिथे अण्णांनाही सांगता येईना, तिथे तिनं लिहिलं : का आहे माहीत नाही, काढू नये.

"पसारा वाटेल गं," अण्णा म्हणाले.

"वाटू दे," ती म्हणाली.

सुतार अजून यादीत आहे. दर तीन महिन्यांनी त्याच्या रक्ताचा ताजा नमुना लागतो. परवा तो द्यायला आला तेव्हा ती खालीच होती. त्यानं ओळखलं, मान हलवली आणि बाही वर केली. तिनं नळीवर त्याचा नंबर लिहिला आणि त्याला वाचून दाखवला. त्यानं हातातल्या कागदाशी तो ताडून पाहिला, सावकाश, एकेक आकड्यावर बोट ठेवत. ती नळी हातात धरून त्याचं बोट शेवटच्या आकड्यापर्यंत पोचायची वाट बघत राहिली.